उलट्या खांबाचा बंगला

आंबेखोलच्या चढावर दाजीसाहेब केळुसकरांचा बंगला आहे. उतरतं, बसकं छप्पर, हातभर पुढे आलेल्या वळचणी, खाली रुंद आणि वर निमुळते तासलेले फणसाचे खांब. कुठे रंग नाही, एकही सांधा झाकलेला नाही. पडवीत भिंतीतच बसवलेले सुरेख बाक आहेत. पण त्या बाकांवर कोणी बसत नाही. येणारा पाव्हणा आधी डावीकडच्या खांबाला हात लावून थोडा वेळ उभा राहतो.

याचं कारण हा बंगला बांधणारा सुतार, तातू मेस्त्री, असं गावात सांगतात.

दाजीसाहेब ऐन तारुण्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून आले होते म्हणे. तिथल्यासारखं घर त्यांना हवं होतं: सुताराचा हात दिसला पाहिजे, लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे. तातू हरखला. जन्मभर त्याचं काम चुन्याखाली आणि रंगाखाली गाडलं गेलं होतं. मात्र एक गोष्ट त्याला जड गेली. खांबाच्या बुडाला सालीचा तुकडा राखायची मेस्त्र्यांची रीत. झाडाचा बुंधा खाली आणि शेंडा वर, हे त्यावरून कळतं; उलटा खांब घराला धोक्याचा, असं ते मानतात. दाजीसाहेबांना ती साल ओंगळ वाटली. तातूनेही, आपल्याला काय ओळखायला साल लागते, अशा तोऱ्यात रंधा मारला.

छप्पर चढलं, दसऱ्याला वास्तुशांत झाली, आणि जेवणाच्या पानावर बसलेल्या तातूची नजर डावीकडच्या खांबावर गेली. फांद्यांच्या गाठी खाली झुकल्या होत्या, म्हणजे खांब उलटा बसला होता. घास त्याच्या हातातच राहिला.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. रोज काहीतरी निमित्त काढून तो बंगल्यावर यायचा. खांब करकरला की हा धावत जाऊन त्याला हात लावून बघायचा. घरी बायकोने पाट मांडला तरी हा दाराशी येरझारा घालायचा.

"जरा बसा तरी," ती म्हणायची.

"तो थंय डोक्यार उभो हा, आणि मी बसू कसो?"

शेवटी लाज गिळून त्याने सांगून टाकलं. "दाजीनू, झाडाचो शेंडो खाली इलो हा. चूक माझी. काढूक गेलंय तर छप्पर खाली येतला."

दाजीसाहेब हसले. "लाकडाला कसलं आलंय डोकं नि पाय? घरी जाऊन स्वस्थ झोप."

झोप कुठली! कार्तिकात दाजीसाहेबांची लेक अनसूया बाळंतपणाला आली, पडवीलगतच्या खोलीत तिची खाट पडली, आणि तातूचा उरलासुरला धीरही सुटला.

बाळ बारशाचंही झालं नव्हतं, तोच एका दुपारी समुद्राकडून तुफान सुटलं. उलटा खांब पिळला आणि सांध्यातून निसटू लागला. खोलीतून बाहेर यायची वाट त्याच्याच शेजारून होती. तातूने धावत येऊन खांबाला खांदा दिला आणि ओरडला, "बायग्या, पोराक घेवन भायर ये! मी आसंय!"

अनसूया बाळाला पदराखाली घेऊन त्याच्या काखेखालून निसटली. मागोमाग घरची सगळी माणसं निघाली. वारा काही थांबेना. तातूही हलेना.

दिवस कलता कलता वारा पडला. दाजीसाहेब जवळ गेले, म्हणाले, "तातू, सोड आता. बस." तातू उभ्या उभ्याच गेला होता. खांब मात्र जागेवर बसला होता, आणि गाठींची तोंडं वर वळली होती म्हणे. कुणी ती वर दाखवतो, कुणी खाली. पाहणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

दाजीसाहेब त्या दिवशी पोरासारखे रडले. तातू बसल्याशिवाय या पडवीत कोणी बसायचं नाही, असं त्यांनी खांबाला हात लावून सांगितलं, आणि उरलेलं आयुष्य स्वतः पडवीबाहेरच्या पायरीवर बसून काढलं.

आजही आंबेखोलात कितीही गुळगुळीत खांब असो, बुडाला सालीचा तुकडा राखतात. बंगल्यातले बाक अजून कोरेच आहेत, आणि डावीकडचा खांब खांद्याच्या उंचीवर हात लागून लागून झिजला आहे. चढ चढून दमलेला एखादा परका बाकाकडे वळलाच, तर आतून केळुसकरांच्या घरचं कोणीतरी हळूच म्हणतं, "जरा थांबा हां. मेस्त्री उभे आसत."