गेरूचा ठिपका

फार पूर्वी एका गावच्या विहिरीवर एक बातमी अर्धीच ऐकू आली. "कळलं का वहिनी, आपल्या कोंबडीवालीनं कोंबड्या कोंडून घातल्यात म्हणे, आणि अंड्यांवरचा गेरूचा ठिपका..." एवढ्यात सांगणारीची घागर निसटली आणि ती घागरीमागं धावली. बातमी तिथंच तुटली.

ऐकणारी होती कोंबडीवालीची शेजारीण. खुराड्याचं दार आठ दिवस बंद असलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं. उरलेली बातमी तिनं मनानंच जोडली आणि बाजार भरायच्या आत ती गावभर झाली. "कोंडलेल्या कोंबड्यांची अंडी ठिपका लावून विकतेय हो!"

त्या गावात एक रीत होती. ज्यांच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात, राखेत लोळतात, रात्री दांडीवर बसतात, त्यांनाच गावची पारखीण गेरूचा खडा द्यायची. ती न सांगता यायची, एखादी कोंबडी उचलून पाय बघायची, पिसं चाचपायची. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी लोक ठिपका बघूनच अंडी घ्यायचे. आणि ठिपका खोटा निघाला, तर त्या घराला गेरू पुन्हा कधीच मिळत नसे. कोंबडीवालीचं घर त्या ठिपक्यावरच चालायचं.

बाजारात पारखीण तिच्या टोपलीसमोर उभी राहिली. भोवती गर्दी जमली.

"कोंबड्या कोंडल्यास का गं?"

"कोंडल्या, आक्का."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" शेजारीण पुढं सरली.

"खालच्या वस्तीत कोंबड्यांमध्ये मानमोडीची साथ आलीय. मोकळ्या सोडल्या असत्या तर एक वाचली नसती."

"मग ठिपका?"

कोंबडीवालीनं टोपलीवरचं फडकं काढलं. सगळी अंडी कोरी होती. एकावरही ठिपका नव्हता.

"घरचे म्हणाले, लाव की, कोण बघायला येतंय? आठ दिवस परगावच्या बाजारातून निम्मी अंडी परत आणतेय मी," ती म्हणाली. "पण दाराआडच्या कोंबडीला मोकळी कसं म्हणू, आक्का?"

 पारखीण सरळ खुराड्याकडे गेली, तशी गर्दीही मागोमाग गेली. आत राखेचा खड्डा होता, दांड्या होत्या, पाणी स्वच्छ होतं. पारखिणीनं एक कोंबडी उचलली. पाय ठीक होते, पण पाठीवरची पिसं टोचून उपटलेली होती.

"हिला जागा कमी पडली."

"पडली खरी," कोंबडीवालीची मान खाली गेली. "जास्तीची जागा नाही हो माझ्याकडं."

"मग तुझं चुकलंच. गावाला सांगायचं होतंस. साथ सरू दे, कोंबड्या पंधरा दिवस बाहेर फिरू देत, ही पाठ भरू दे, मग मी येते. पण गेरूचा खडा तुझ्याकडेच राहू दे. तो काढून घ्यायचं मला कारण दिसत नाही."

शेजारीण इतका वेळ पदराशी चाळा करत होती. ती पुढं आली. "माझ्या घरची तीन बाळंतपणं हिच्या अंड्यांवर झाली," ती म्हणाली. "आणि मीच गावभर बोंब मारली! चल बाई, माझा गोठा रिकामा पडलाय. निम्म्या कोंबड्या आत्ताच्या आत्ता तिकडं आण. राख मी आणते."

"आणि तुमचं तोंड कोण कोंडणार?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, शेजारीणसुद्धा.

त्या दिवशी गावानं कोरी अंडीही एक न ठेवता उचलली. जो तो घेताना म्हणत होता, "बरं केलंस बाई, खरं सांगितलंस."

बातमीतलं कोंडणं खरं निघालं, वर एकीची पिसंही उपटलेली निघाली. शेजारणीनं मनानं जोडलेलं ठिपक्याचं तेवढं खोटं होतं.

तात्पर्य: खूण लावणाऱ्यावर विश्वास ठेवावाच, पण जिथं ती लावता येत नाही तिथं जो हात आवरतो, त्याचे आभार आधी मानावेत.