विटांच्या ढिगावरचा थवा

फार मागे, चिंचेखाली पाखरं शाळा चालवत, तेव्हाची गोष्ट. साळुंकीबाईंच्या वर्गातलं राणू शिंगरू येईनासं झालं. बाई शोधत वीटभट्टीवर गेल्या, तर बापानं, धोंड्या गाढवानं, त्याला विटा वाहायला जुंपलेलं.

"लहानपणी ओझं वाहिलं की पाठ पक्की होते, बाई. माझीच बघा."

"बघतेय की. मधे पाणी साचेल इतकी वाकलीय."

धोंड्यानं शेपटी फटकारून बाईंना हाकललं.

दुसऱ्या दिवशी बाई पंचक्रोशीतल्या शिक्षक पाखरांची अख्खी संघटना घेऊन आल्या. सगळी विटांच्या ढिगावर बसली. धोंड्यानं शेपटी उचलली, थवा बघितला आणि खाली सोडली.

"मग विटा कोण वाहील?"

"तू. इथं मोठा कोण आहे?"

राणू चिंचेकडे उधळलं. थवा मात्र हलला नाही. विटा वाहणाऱ्यांच्या रांगेत अजून शिंगरं उभी होती.