सपाट दगडावरचा प्रश्न

अलीकडच्या काठावरचं गवत संपलं होतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर मात्र कळपात कुणाचं दुमत नव्हतं. पलीकडं ते भरपूर होतं. वारा तिकडून आला की त्याचा वास यायचा, आणि म्हाताऱ्या मेंढ्यासुद्धा रवंथ थांबवून नाकपुड्या वर करायच्या. मध्ये नदी होती.

कळपाचा राखण्या फार पूर्वी पुढं गेला होता. पलीकडून त्यानं हाक दिली ती सगळ्यांनी ऐकली. वाऱ्याच्या वरच्या अंगाला ज्या उभ्या होत्या त्यांनी ऐकलं, ‘तरा.’ म्हणजे हातपाय मारा आणि पार व्हा. खालच्या अंगाला होत्या त्यांनी ऐकलं, ‘तारीन.’ म्हणजे मीच नेईन, तुम्ही नुसता भरवसा ठेवा. त्यानंतर त्यानं पुन्हा हाक दिली की नाही हे सांगता येत नाही, कारण त्यानंतर त्या काठावर कधी शांतता झालीच नाही.

तरावाल्या रोज सकाळी डोहात उतरून पाय मारायच्या. पाण्यात लोकर जड होऊ नये म्हणून बाभळीला अंग घासून घासून ती उपटून काढायच्या, आणि अंगावरचे ओरखडे एकमेकींना दाखवायच्या. तारीनवाल्या नदीकडं तोंड करून बसून राहायच्या. पाय हलवणं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेणं, असं त्यांचं म्हणणं. या त्यांना बैठ्या म्हणत, त्या यांना लाथाड्या. पुढं तरावाल्यांतही फूट पडली. नदी ओलांडायला निघण्याआधी डोकं पाण्यात पुरतं बुडलं पाहिजे की कपाळावर चार थेंब पुरतात, यावरून मायलेकी एका जागी पाणी पिईनाशा झाल्या.

वर्षातून एक दिवस नदी ओसरायची आणि पाण्यातून दगडांची एक ओळ वर यायची. तोच उतार. दर वर्षी थोड्याजणी पार जात. त्यांतली कुणी परत येत नसे, त्यामुळं त्या कुठल्या शब्दानं पार गेल्या हे अलीकडं बसूनच ठरवलं जाई.

कवडी तरावाल्यांतली. अंगानं काटकुळी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि फार दचकरी. खडा घरंगळला तरी चारी पाय उचलून उडायची. पण शिकवलेलं तिला तोंडपाठ असायचं. कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर, त्या उत्तरात कुठं खोट असू शकते, ती खोट कशी पकडायची, सगळं. म्हणून वाकशिंग आबांनी, म्हणजे तरावाल्यांच्या म्हाताऱ्या एडक्यानं, तिला त्या वर्षी सपाट दगडावर नेमलं. तो दगड उताराच्या मधोमध होता. त्यावर एकीलाच उभं राहता यायचं, आणि तिनं बाजू दिल्याशिवाय कुणाला पुढं जाता यायचं नाही. येईल तिला विचारायचं, काय ऐकलंस? ‘तरा’ म्हणेल तिला सोडायचं. चुकीचा शब्द घेऊन एक जरी पुढं गेली तरी तिच्या भारानं सगळी ओळ बुडेल, असं आबा सांगत. कवडीला ते खरंच वाटायचं. या मानानं तिची छाती भरून आली होती आणि एक काळजीही लागली होती.

काळजीचं कारण गुंजीमावशी. कवडी चार दिवसांची असताना तिची आई गेली, तेव्हा मावशीनं स्वतःचं पिल्लू बाजूला सारून तिला आचळाला लावलं होतं. पण मावशी बैठी. आता तिचे गुडघे धरत नव्हते, दात पडले होते. काठावरच्या काड्यांवर ती आणखी एक वर्ष काढील अशी आशा कुणालाच नव्हती.

कवडी किती दिवस तिच्यामागं लागली होती. मावशी एकदा म्हणाली, “अगं, तो नेईन म्हणालाय ना? मग मी पाय झाडत बसले तर त्याला काय वाटेल?”

“आणि नाही आला तर?”

“नाही आला तर तुझं डोहातलं पोहणं तरी कुठवर पुरणार आहे, बाई?”

शेवटी कवडीनं आवाज खाली आणून सांगितलं, की दगडावर मीच असणार आहे. तू नुसतं ‘तरा’ म्हण. मी पुढचं काही विचारणार नाही. मावशीनं तोंड नदीकडून तिच्याकडं वळवलं. मग म्हणाली, “खोटं बोलून जायचं म्हणतेस त्याच्याकडं?” पण उताराच्या दिवशी ती रांगेत येऊन उभी राहिली, सर्वांत मागं, मान खाली घालून. भूक माणसाला नमवते म्हणतात. मेंढरांचंही काही निराळं नसतं.

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. पहिल्या पाचसहाजणी आल्या, ठणकावून ‘तरा’ म्हणाल्या आणि पुढं गेल्या. मग सावरी आली.

सावरी बहिरी होती. जन्माचीच. कुठल्याशा दुसऱ्या कळपातून चुकून इकडं आलेली. रोज ती काठावर उभी राहून कितीतरी वेळ पलीकडच्या लव्हाळ्यांकडं बघत असायची. तिनं तरा ऐकलं नव्हतं आणि तारीनही ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत गवताखेरीज दोन्ही पक्षांचं एकमत झालं असेल तर ते तिच्याबाबत. आबा म्हणत, जिला ऐकूच आलं नाही तिला बोलावलेलंच नाही. बैठ्या म्हणत, जिला शब्दच ठाऊक नाही ती भरवसा ठेवणार कशावर?

कवडीनं विचारलं, “काय ऐकलंस?”

सावरीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडं लव्हाळ्यांकडं पाहिलं, आणि एक पाऊल पुढं टाकलं.

कवडी आडवी आली. तिनं पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. ती बहिरी आहे हे कवडीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. काठावरून आबा पाहत होते. आज मावशीला डोळे झाकून सोडायचं तर त्याआधी कुणालातरी कडकपणे अडवलेलं दिसायला हवं, म्हणजे मागून कुणी बोट दाखवणार नाही, असा हिशेब तिच्या मनात चालला होता. तो तिनं स्वतःशीही उघड केला नव्हता. रांग खोळंबली. मागून कुणीतरी म्हणालं, बहिरीची परीक्षा चाललीय वाटतं, आणि दोघीतिघी हसल्या. पाणी दगडाच्या कडेवर चढायला लागलं होतं. रांगेच्या टोकाला मावशीचे गुडघे थरथरत होते, ते कवडीला दिसत होतं. तरी तिनं पाचव्यांदा तोंड उघडलं.

तेवढ्यात वाहत आलेली एक फांदी तिच्या पायाला लागली. फांदीच ती, पण कवडी दचकून उडाली ती थेट पाण्यात.

तिनं पाय मारले. आयुष्यभर मारले होते तसेच. पण डोहाचं पाणी उभं असतं आणि हे धावत होतं. नाकातोंडात पाणी गेलं. तिला काठावर कालवा ऐकू आला. या ओरडत होत्या ‘पाय मार’, त्या ओरडत होत्या ‘पाय सोड’, आणि त्या दोन ओरड्यांत तिच्या पायांना काही कळेना. मग कुशीला काहीतरी ऊबदार टेकलं. सावरीचा खांदा होता तो. सावरीला यांतलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती सरळ उडी घेऊन आली होती. ती ढकलत होती, कवडी पाय मारत होती, आणि तरीही दोघी खालीच चालल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी दोघींना मानगुटीला धरलं.

राखण्या काठावर नव्हताच. तो लव्हाळ्यांत कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याच्या धोतरावर शेवाळ धरलं होतं, पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तो काही आजच पाण्यात उतरला नव्हता, कधीचा तिथं उभा होता, हे उघड होतं. सावरी रोज एवढा वेळ काय बघत उभी राहायची, ते कवडीला आत्ता कळलं.

त्यानं दोघींना वर गवतात ठेवलं. कवडी धडपडत उभी राहिली. आता हा विचारणार, म्हणून तिनं उत्तर जुळवायला घेतलं. आधी ‘तरा’ जुळवलं. मग वाटलं, आपण काही तरून आलो नाही. मग ‘तारीन’ जुळवलं, तर तो शब्द म्हणेल तिला अडवायलाच आपण दगडावर उभे होतो ते आठवलं. तिनं डोळे मिटून घेतले.

त्यानं काहीच विचारलं नाही. तिच्या कानातलं पाणी झटकलं, नदीकडं वळला, आणि जीभ टाळूला लावून त्यानं हाक दिली.

“तर्र्र्र.”

कुठलाही राखण्या कुठल्याही मेंढराला देतो तसली हाक. त्यात शब्द नव्हता. त्याचे ओठ फुटून त्यांवर खपल्या धरल्या होत्या. तो पुन्हा ‘तर्र्र्र’ म्हणाला, थोडा थांबला, पुन्हा म्हणाला.

कवडीनं सावरीकडं पाहायचा प्रयत्न केला, पण नजर वर होईना. सावरी चरत होती. चरता चरता ती जराशी बाजूला सरकली आणि आपल्याजवळची लुसलुशीत जागा तिनं कवडीसाठी मोकळी केली. कवडीला तोंड लावणं जमेना. त्या गवतापेक्षा काठावरच्या काड्या गिळणं सोपं गेलं असतं.

ती पळत पाण्याच्या कडेला आली आणि असेल नसेल तेवढ्या बळानं ओरडली. मावशी, शब्द नव्हताच गं, नुसती ये. वाऱ्यानं त्यातलं काय पोचवलं, कुणास ठाऊक. जुन्या काठावर माना वर झाल्या. मग दोन्ही घोळक्यांत चुळबूळ झाली, आणि थोड्याजणी त्यांतून निघून तिसरीकडं जाऊन उभ्या राहिल्या.

मावशी मात्र उताराला लागली होती. एक एक दगड चाचपत, गुडघे सावरत ती मधोमध आली आणि थांबली. सपाट दगडावर आबांनी एव्हाना दुसरी मेंढी उभी केली होती, कोवळी, पाठ केलेलं विसरू नये म्हणून पुटपुटणारी. तिनं विचारलेलं पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. प्रश्न कवडीचाच होता, आणि विचारायची चालसुद्धा तिचीच.

मावशीनं मान खाली घातली. तिचे ओठ हलले, पण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. कोवळ्या मेंढीनं पुन्हा विचारलं. पाणी दोघींच्या पोटाला लागलं होतं. राखण्या नदीत उतरून चालत चालत दगडाशी पोचला होता. कवडीला इथून त्याची नुसती पाठ दिसत होती, आणि विचारणारीच्या मागं हातभर अंतरावर पुढं केलेला त्याचा हात.

विचारणारीची पाठ त्याच्याकडं होती, आणि मावशी मान खाली घालून उत्तर आठवत होती.