पिपाणीतलं रडणं

एका राज्यात हिवाळा आला, तो जायचं नाव घेईना. तळ्यावर बर्फाची साय धरली, झाडांनी पानं टाकली, आणि राजा उदयभानाला कोल्ह्याच्या कातड्याची बंडी हवीशी झाली. एक शिवली, तर दुसरी हवी. दुसरी शिवली, तर राण्यांना हव्या.

त्या राज्यात सगुणा नावाची एक बाई होती. ती रानात झाडाआड बसून बोरूची पिपाणी फुंकी. पिपाणीतून जखमी सशाचा आवाज निघे, कोल्हे त्या आशेने येत, आणि राजाचे तिरंदाज त्यांना टिपत. पण कोल्हेच ते, शहाणे झाले. सशाच्या आवाजाला एकही येईना.

राजा म्हणाला, "सगुणाबाई, आठ दिवसांत कोल्हे आले नाहीत, तर तुमचं काम दुसऱ्याला देईन."

घरी सगुणेची सहा महिन्यांची सई होती, आणि सई रडे. भुकेने रडे, पोट भरलं की रडे, काहीच झालेलं नसलं तर फारच रडे. सगुणेच्या मनात आलं, हे रडणं ऐकून कोणती आई थांबेल? तिने पाळण्याशी बसून ते रडणं कानात भरून घेतलं आणि पिपाणीत उतरवलं. आपण हे बरं करतो आहोत का, असं तिला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तिने तो विचार उद्यावर ढकलला.

रानात पिपाणी रडली, आणि कोल्हिणी धावत आल्या. बाण सुटले.

तिसऱ्या सकाळी सगुणा उठली, तर घर शांत. पाळण्यात सई तोंड उघडून रडत होती, गाल ओले होते, आवाज मात्र नव्हता. शेजारी तेच. राजवाड्यात तान्ह्या युवराजाचंही तेच. राज्यातल्या साऱ्या तान्ह्यांचे आवाज गेले होते.

आधी लोकांना बरंच वाटलं. शेजारीण म्हणाली, "सगळ्यांत तुझीच मेली किरकिरी होती गं. आता बघ कशी गुणाची झाली!"

पण भूक कळेना, दुखणं कळेना. मुलं सुकू लागली. आया मुलांच्या तोंडांकडे टक लावून बसल्या. सगुणा तर सईच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे, आणि श्वास चालू असला तरी बोट काढीना.

तेव्हा छपरावर टिटवी येऊन बसली. म्हणाली, "आवाज रानात आहेत, कोल्ह्यांच्या तोंडी. तुझ्यामुळे गेले. तूच आण."

"सईला कोणाकडे ठेवू?"

"कडेवर घे."

"बाहेर थंडी आहे."

"मग बस घरी," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

सगुणेने सईला घोंगडीत गुंडाळलं, मनासारखं झालं नाही म्हणून सोडून पुन्हा गुंडाळलं, आणि ती निघाली.

रानात फांदीफांदीआडून तान्ह्यांचं रडणं येत होतं. वाटेत एक कोल्हीण बसली होती. तिच्या पायात राजाचा बाण होता.

कोल्हीण म्हणाली, "तुझी पिपाणी ऐकून मी धावले. बाण लागला. फरफटत घरी पोचेतो माझं पिल्लू गारठून गेलं. शाप माझा आहे. तीन कामं कर, उतरेल. पहिलं, हात थरथर न कापता हा बाण काढ."

"हात कापणारच," सगुणा म्हणाली. "कापत्या हाताने काढू का?"

कोल्हिणीने पाय पुढे केला. बाण निघाला. "हात कापणार नाही म्हणाली असतीस, तर चावले असते. दुसरं, पिपाणी मोड."

सगुणेने पिपाणी मोडली. त्याबरोबर तिच्या ओठांतली शीळही गेली, ती कायमची.

"तिसरं. इथे शंभर कोल्हे रडताहेत. त्यांतलं तुझ्या मुलीचं रडणं ओळख."

सगुणेने कान दिला. हे सईचं. नाही, ते सईचं. मग तिसरं ऐकू आलं, तर ते अगदी सईचंच!

"मला नाही ओळखता येत," ती म्हणाली. "कसली मेली आई मी!"

पण पाय जागेवर राहीनात. ती जवळच्या कोल्ह्याशी गेली, त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आले हं, आले." तो गप्प झाला. मग दुसऱ्याकडे गेली, मग पुढच्याकडे. सूर्य कलेपर्यंत ती शंभरांकडे जाऊन आली.

कोल्हीण लंगडत मागून आली. "ओळखलं नाहीस."

"नाही."

"मी ओळखलं होतं. पिपाणीतलं रडणं माझ्या पिल्लाचं नव्हतं. माझं पिल्लू माझ्या कुशीत होतं. तरी मी आलेच."

कोल्हिणीने तोंड वर केलं आणि आपली, कोल्ह्याची कुई घातली. रानभर कोल्हेकुई उठली, आणि सगुणेच्या कडेवर सईने असा टाहो फोडला की झाडांवरचा बर्फ खाली आला.

नगरात सारी तान्ही एकदम रडू लागली. राजा उदयभान कानांवर हात ठेवून सज्जात आला.

"प्रधानजी, यांतला युवराज कोणता?"

"काय, महाराज?" प्रधान ओरडले. "ऐकू येत नाही!"

राजा हसला, रडला, आणि त्याने अंगातली बंडी काढली. कोल्ह्यांची शिकार बंद झाली. हिवाळा आठ दिवसांत निघून गेला.

सगुणेने सईला पाजलं, झुलवलं, खांद्यावर टाकलं, ओवी म्हटली. सई रडतच राहिली. सगुणेने भिंतीपलीकडे विचारलं, "का रडत असेल गं ही?"

"कोणाला ठाऊक!" शेजारीण आपल्या बाळाच्या वरताण ओरडली.

अशी त्या राज्यातली झोप उडाली, आणि राज्य सुखी झालं.