साळूचं जातं

त्या अरण्यात चरायला जायचं तर पिल्लं मागे ठेवावी लागत, आणि ठेवायला जागा एकच होती: टेकडीतली गुहा. लांडग्याला कुणाचाही आवाज काढता येई, कुणाचंही कातडं पांघरता येई. म्हणून गुहेची राखणदार आयांची ओळख दाण्यांवरून पटवी. पिल्लू ठेवताना मूठभर दाणे द्यायचे, नेताना अगदी तसेच आणायचे.

आधीची राखणदार खार मोठी टापटिपीची. तिने प्रत्येकीचे दाणे नावानिशी फळीवर मांडून ठेवले होते. लांडग्याने एकदा दारातून डोकावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो तसेच दाणे घेऊन आला आणि सशिणीचं पिल्लू घेऊन गेला. खारीने दाणे नीट पडताळले होते. बरोबर होते.

मग राखणीला काटेरी साळू आली. येताना तिने जातं आणलं.

हरिणी पाडसाला घेऊन आली ती ज्वारी घेऊन.

"ज्वारी नको गं," साळू म्हणाली. "अर्ध्या अरण्याची ज्वारीच आहे."

हरिणीने नाक मुरडलं, पण जाऊन नाचणी, हुलगे आणि करडईचा एकच दाणा आणला. साळूने त्यात चिमूटभर मीठ टाकलं, प्रत्येकीचं मीठ वेगळ्या खडकाचं, आणि सगळं दळून मडक्यात भरलं.

"अगं बाई, माझे दाणे!" हरिणी ओरडली. "जपायला दिले होते ना?"

"जपायला पाडस दिलंस. दाणे तुझे तू लक्षात ठेव."

"आणि न्यायला येईन तेव्हा?"

"तू आणशील ते तुझंच मीठ घालून पुन्हा दळेन. चव जुळली की पाडस तुझं."

जातं मुद्दाम जड होतं. एका मुठीला बराच वेळ लागे, म्हणजे कुणाला निरनिराळे दाणे आणून अंदाज करत बसता येऊ नये. रांगेतल्या आया कुरकुरत. साळू दळत राही. पिल्लं आत, तिलाच सरकवता येणाऱ्या शिळेमागे. मडकी मात्र बाहेरच.

एका दुपारी ती पाण्यावर गेली असताना लांडग्याने हरिणीच्या मडक्यातलं पंजाभर पीठ उचललं, आणि ती परतल्यावर ऐटीत पुढे धरलं.

"घे, तुझंच पीठ. चाखून बघ. काढ पाडस."

साळूने वासही घेतला नाही. "पीठ करायचं काम माझं. तू दाणे आण."

संध्याकाळी हरिणीने दाणे दिले. साळूने दळलं, चाखलं, शिळा सरकवली.

पाडसाला घेऊन जाताना हरिणीला ओढ्याकाठी लांडगा दिसला. माती उकरून त्याने पीठ ओळीने पेरलं होतं, वर पाणी शिंपडलं होतं, आणि कोंब फुटायची वाट पाहत बसला होता.