नऊ नंबरचा मान

एका शहरात हत्तीदरवाजा नावाची पेठ होती आणि त्या पेठेत एक तालीम होती. पूर्वी तिथे कुस्त्या होत. पुढे पोरांना फुटबॉलचा नाद लागला आणि तालमीचा संघ शहरभर गाजू लागला. त्या शहरात माणसे एकमेकांना आधी पेठ विचारत आणि मग नाव. सामन्याच्या दिवशी हत्तीदरवाज्याची दुकाने दुपारीच बंद होत.

पण गेली काही वर्षे संघाचे दिवस फिरले होते. मागच्या हंगामात तो कसाबसा तळातून वाचला. यंदा शेवटचा आला, तर वरच्या गटातून थेट खालच्या गटात जाणार होता. तालमीचे अध्यक्ष आप्पासाहेब सरनोबत ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या हयातीत तालीम कधी खालच्या गटात खेळली नव्हती. डोळे मिटायच्या आधी ते पाहायची पाळी येऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

म्हणून आप्पासाहेबांनी खटपट करून नवा मॅनेजर आणला. मगदूम सर बाहेरगावचे. एका साखर कारखान्याचा रडतखडत चाललेला संघ त्यांनी वर आणला होता. माणूस कमी बोलणारा. पेठेने त्यांना फेटा बांधला, हलगीच्या तालावर मिरवले आणि गुलाल उधळला. एकही सामना न खेळता विजयाची मिरवणूक उरकून घेणारी पेठ दुसरी सापडायची नाही.

मिरवणूक तालमीपाशी आली. आप्पासाहेब सर्वांसमोर सरांना म्हणाले, "तालीम तुमच्या हवाली केली. काय बदलायचं ते बदला. कोण आडवं आलं तर मला सांगा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण सरांना एकट्यात गाठू लागला.

गोलकीपर तानाजीच्या घरी म्हशी होत्या. सराव पहाटे ठेवलात ते फार चांगले केलेत, असे तो म्हणाला. पण पहाटे धारा काढायच्या असतात, तेवढे मला वगळा. मग आले शामराव कडणे. सामन्याच्या दिवशी दुपारी संघाला तालमीत बोलावून तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालायची जुनी पद्धत होती, आणि ती पंगत शामराव हौसेने घालत. पोरे आडवा हात मारत आणि उत्तरार्धात धावण्याऐवजी ढेकर देत. शामरावांचे म्हणणे असे की, बाकी सगळे बदला, फक्त रश्श्याला हात लावू नका. आणखीही काही जण आले. प्रत्येकाला बदल हवा होता. आपले घर सोडून पुढच्या घरापासून सुरू झाला, तर आणखी बरे.

शेवटी खुद्द आप्पासाहेब आले.

त्यांचे मागणे समजायचे, तर एक रीत सांगायला हवी. तालमीत पहिला चेंडू आप्पासाहेबांच्या वडिलांनी आणला होता. तेव्हापासून नऊ नंबरची जर्सी सरनोबतांच्या घराण्याकडे होती. जत्रेत एखाद्या घराण्याकडे पहिल्या नारळाचा मान असतो, तसा हा मान. जो नऊ नंबर घालेल त्याने आघाडीला खेळायचे आणि पेनल्टीही त्यानेच मारायची. सध्या हा मान आप्पासाहेबांचा नातू इंद्रजित याच्याकडे होता. पोरगा मेहनती आणि सरळ. पण समोर गोल दिसला की त्याचे पाय जड व्हायचे. मागच्या हंगामात पेनल्टी मिळाल्या, त्या त्याने बहुतेक बाहेर घालवल्या. पेठेत सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळे मूग गिळून बसले. मानकऱ्याला चूक कोण म्हणणार?

आप्पासाहेब सरांना म्हणाले, "एवढा एक मान सोडला, तर बाकी सगळं तुमचंच हाय."

सर हो म्हणाले. त्यांनी आतापर्यंत सगळ्यांनाच हो म्हटले होते.

हंगाम तोंडावर आला. एका कॉलेजच्या संघाशी सराव सामना ठरला. कोवळी पोरे, त्यांना काय हरवायचे, म्हणून अख्खी पेठ मजा बघायला लोटली. मजा झाली, पण दुसऱ्यांची. सराव न केलेल्या तानाजीच्या पायांमधून चेंडू निघून गेला. रश्श्याने जड झालेली बचावफळी उत्तरार्धात चालत फिरत होती. एक पेनल्टी मिळाली, ती इंद्रजितने गोलावरून थेट रस्त्यावर मारली. कॉलेजच्या पोरांनी चार गोल केले आणि ती नमस्कार करून निघून गेली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पेठेने तेवढेही दिले नाहीत. त्याच संध्याकाळी तालमीत बैठक बसली. या मॅनेजरात दम नाही, याला काढा, असे जो तो म्हणू लागला. तानाजी मोठ्याने म्हणत होता आणि शामराव त्याहून मोठ्याने. फेटा बांधणारे हात आता सरांची गाठोडी बांधायला निघाले होते.

मगदूम सर उठून उभे राहिले. रागावलेले दिसत नव्हते.

"मला सगळ्यांनी सांगितलं, सगळं बदला," ते म्हणाले. "मग एकेक जण आला आणि आपापलं बाजूला काढून घेऊन गेला. शेवटी बदलण्यासारखी माझी टोपी तेवढी राहिली."

कुणीतरी हसले. मग कुणीच हसले नाही. सरांनी एकाचेही नाव घेतले नाही आणि ते खाली बसले.

घोडे कुठे पेंड खाते आहे, हे आप्पासाहेबांना कळले. ते गप्प बसले असते, तरी चालले असते. अध्यक्षाकडे बोट दाखवायची पेठेत कुणाची छाती नव्हती. सरांना निरोप दिला असता, दुसरा मॅनेजर आणला असता, पुन्हा गुलाल उधळला असता. वडिलांची जर्सी घराण्यातच राहिली असती. 

पण ते काठी टेकत उठले. "पहिला आडवा मीच आलोय," ते म्हणाले.

सामन्यांच्या जर्सी तालमीतल्या कपाटात असत. आप्पासाहेबांनी नऊ नंबरची जर्सी काढली आणि सरांच्या हातात दिली. ज्याला शोभेल त्याला द्या, म्हणाले.  भर बैठकीत आपण नातवाचा मान काढून घेतला, आता त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचे, असे त्यांना झाले होते. वडिलांच्या आठवणीने तर त्यांना रडूच येत होते.

इंद्रजित पुढे आला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, बरं झालं. सामना असला की मला आदल्या रात्री झोप लागत नव्हती. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

हे ऐकून आप्पासाहेबांना जर्सी दिल्यापेक्षा जास्त दुःख झाले. इतकी वर्षे ज्याला आपण मान म्हणत होतो, तो पोराच्या उरावरचा धोंडा होता आणि एका घरात राहून आपल्याला ते दिसले नाही. त्यांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला. 

अध्यक्षानेच मूठ उघडल्यावर बाकीच्यांना मूठ झाकून बसता येईना. तानाजी म्हणाला, धारा भाऊ काढेल. शामराव म्हणाले, रस्सा सामना झाल्यावर करू. त्यात मनापासून किती आणि लाजेखातर किती, कोण सांगणार? पण झाले.

नऊ नंबरची जर्सी समीर मुजावर नावाच्या खेळाडूला मिळाली. तो थंड डोक्याचा होता आणि पेनल्टी सहसा चुकवत नसे. इंद्रजितला सरांनी बचावफळीत घेतले. तिथे त्याचे पाय मोकळे झाले. समोरून कुणीही आला तरी तो बिनधास्त भिडू लागला.

त्या वर्षी कप काही आला नाही. आला असता तर गोष्ट सांगायला गोड झाली असती, पण आला नाही. तालीम काही सामने जिंकली, काही हरली, आणि हंगामाच्या शेवटी वरच्या गटात टिकली. मगदूम सर दुसऱ्या वर्षासाठी थांबले. या वेळी त्यांना कुणी फेटा बांधला नाही.

शेवटच्या सामन्यानंतर दुसऱ्या पेठेतला एक म्हातारा आप्पासाहेबांना गॅलरीत भेटला. दोघे तरुणपणी एकमेकांविरुद्ध खेळले होते. त्याला टोमणा मारल्याशिवाय राहवेना. "सरनोबत, बापाची जर्सी घालवलीस म्हणं?"

आप्पासाहेब मैदानाकडे बघत होते. खाली इंद्रजित मित्रांबरोबर हसत बूट काढत होता.

"घालवली," ते म्हणाले. "पोरगं आता सामन्याच्या आदल्या रात्री झोपतंय."

तात्पर्य: नव्या माणसाला 'सगळे बदला' म्हणणे सोपे असते. पण आपण मुठीत धरून ठेवलेली गोष्ट आपणच सोडावी लागते, तेव्हाच बदलाला सुरुवात होते.