ठकूबाईच्या हातांचा चिखल

वांग्याला एवढ्यात हात लावू नका. आधी इथला मूठभर चिखल घ्या आणि पाटाच्या बांधावर थापा. पाहुणा असो की गावचा, त्याशिवाय या गावमळ्यातली मिरचीसुद्धा कोणी तोडत नाही. का, ते सांगतो. सांगताना जीभ जड होते, पण लपवून कुठे नेणार?

मळा सगळ्या वाडीचा. घरटी एक वाफा आणि डोंगरातल्या झऱ्याचा हा एकच पाट. फार मागे एका वैशाखाच्या अखेरीस झऱ्याची धार करंगळीएवढी झाली, असे सांगतात. पाणी पाळीने घ्यायचे आणि पाळी लावायची पाटकऱ्याने. तेव्हा पाटकरी होता गोंदजी. सगळ्यांच्या भेंड्या माना टाकत होत्या, पण वरच्या अंगाला ठकूबाई नावाच्या एकट्या विधवेचा वाफा हिरवागार. लोक कुजबुजू लागले. एका पहाटे गोंदजी चार माणसे घेऊन दबा धरून बसला, तर ठकूबाई पाटातून वर येताना दिसली, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली.

"पाट फोडतीस व्हय गं वैनी?"

"फोडत न्हाई भावजी. खेकड्यांनी बिळं पाडल्यात, ती बुजवतीया. समदं पानी माझ्याच वाफ्यात झिरपतंय."

"खेकड्यांना बरा तुझाच वाफा गावला!"

माणसे हसली. हातांचा चिखलच पुरावा ठरला. त्याच दिवशी तिला मळा बंद झाला. ती भांडली नाही म्हणे. पाटात हात धुतले आणि बहिणीच्या गावाला निघून गेली.

आठ दिवसांत खालचे वाफे करपले. झरा होता तेवढाच होता, पाणी मात्र पोचेना. शेवटी गोंदजीने गुडघे टेकून बांध चाचपला. हाताहातावर खेकड्यांची बिळे. आणि त्यांच्या मधे मधे जुनी, बुजवलेली, वाळून दगड झालेली. प्रत्येकावर बारीक चार बोटे उमटलेली. ती किती होती, हे मोजायचे धाडस कोणाला झाले नाही. लाजेने माना खाली गेल्या, त्या वर येईनात.

वाडी तिला आणायला गेली. तिने उंबऱ्यात सगळ्यांना पाणी दिले आणि एवढेच विचारले, "शेवटच्या वाफ्याला पानी पोचतंय न्हवं?"

ती परत आली नाही.

तेव्हापासून ही चिखल थापायची रीत पडली. आणि आता आलाच आहात तर हेही ऐका. गोंदजी माझा खापरपणजा. आजही उन्हाळ्यात आमच्या घरची पाळी आली की पाट शेजारचा माणूस उघडून देतो. बंदी कोणी घातलेली नाही. आमचाच हात पुढे होत नाही.